दीर्घ श्वास, डोळे मिटून

“डोळे मिटा. आणि आता एक दीर्घ श्वास,” पद्मजाबाई माईकवर म्हणाल्या.

धाटावच्या त्या केमिकल कंपनीच्या कॅन्टीनमध्ये चाळीस माणसं प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसली होती. मागे फलक लावला होता, ‘तणावमुक्त कामगार, सुरक्षित कंपनी’. बाई ताणतणावावर व्याख्यान द्यायला मुंबईहून आल्या होत्या. चाळिसांनी त्यांचं ऐकलं, पण डोळे मिटण्याआधी सगळ्यांच्या माना खिडकीकडे वळल्या. बाहेर चार नंबरच्या टाकीवर विंडसॉक फडफडत होता, वारा कुठून येतो ते दाखवणारी केशरी-पांढरी कापडी पिशवी. गॅसगळतीचा भोंगा वाजला की आधी ती बघायची आणि मग पळायची दिशा ठरवायची, हे इथं पहिल्याच दिवशी शिकवतात. वारा टाकीकडून कॅन्टीनकडे होता. सगळ्यांनी अर्धाच श्वास घेतला.

“छातीभर घ्या हो! हवा काय रेशनवर मिळते?” बाई हसत म्हणाल्या.

वैशालीनं डोळे मिटलेच नव्हते, त्यामुळे तिला हे सगळं दिसलं. ती लॅबमध्ये कामाला होती, सहा वर्षं कंत्राटावर. आजचा कार्यक्रम खरं तर तिच्याच कृपेनं ठेवला होता.

महिन्याभरात तिनं रजिस्टरमध्ये तीन वेळा लिहिलं होतं, ‘चार नंबरच्या टाकीपाशी वास येतो. घसा जळतो.’ पहिल्या वेळी मॅनेजर पुष्करसाहेब ‘बघतो’ म्हणाले. दुसऱ्या वेळी त्यांनी ‘घरी सगळं ठीक आहे ना?’ असं विचारलं. तिसऱ्या वेळी तिनं लिहिलं त्याच दुपारी मोरू हेल्पर टाकीखाली चक्कर येऊन पडला. त्याच्या अपघाताच्या कागदावर ‘उपाशीपोटी काम केल्याने’ असं कारण लिहिलं गेलं. मोरू सकाळी चार भाकऱ्या रिचवून ड्युटीवर येणारा माणूस. त्याला महाशिवरात्रीचा उपासही कधी दुपारपलीकडे जमला नव्हता.

“वास टाकीपाशी नाही, तुमच्या डोक्यात आहे,” साहेब वैशालीला केबिनमध्ये बोलावून म्हणाले होते. “तुम्हाला स्ट्रेस आलाय, आणि तो तुम्ही इतरांना लावताय. जो तो त्या विंडसॉककडे बघत बसतो. अहो, तो तपासणीवाल्यांसाठी लावलाय. बारा वर्षं मी इथं आहे, मी नाही कधी वर मान केली.”

आणि मग कंपनीनं व्याख्यानाच्या बाई बोलावल्या. रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

ताण वैशालीला होताच, ती कुठं नाकारत होती? रोज सकाळी रोह्याहून स्कूटी काढताना पोटात गोळा यायचा. डबा तसाच परत जायचा. लेकीवर ती उगाच खेकसायची आणि मग स्वतःच रडायची. पंधरा दिवस तिनं गच्चीवर बसून प्राणायामही केला. घरी छान वाटायचं. कंपनीच्या गेटातून आत शिरलं की गोळा पुन्हा हजर.

श्वास झाले. पुष्करसाहेब उठले आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी वैशालीपुढे एक कागद ठेवला. ‘माझ्या तिन्ही तक्रारी मानसिक तणावातून झाल्या होत्या. मी त्या मागे घेत आहे.’ साहेबांच्या दुसऱ्या हातात पाकीट होतं. त्यात ती कायम झाल्याचं पत्र होतं, ज्याची तिनं सहा वर्षं वाट बघितली होती.

“सही करा आणि मोकळ्या व्हा,” साहेब म्हणाले. “टेन्शन इथंच संपलं.”

असा कागद येणार हे तिला कालच कळलं होतं, आणि सकाळी सासूबाईही हेच म्हणाल्या होत्या. “सही कर नि मोकळी हो गो. नोकरी काय झाडाला लागत नाय.”

वैशालीनं पेनाचं टोपण काढलं. कागद गुडघ्यावर घेतला. शेजारच्या खुर्चीवर मोरू होता. तो तिच्याकडे न बघता पुटपुटला, “कर गो बाय. माज्यासाटी थांबू नुको.”

एवढ्या पाच-सहा शब्दांनी त्याला खोकल्याची उबळ आली. तोंडावर रुमाल दाबून तो खोकत राहिला. पडल्याला आठवडा झाला होता, तरी त्याचा आवाज अजून पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा येत होता. वैशालीला राग आला. असा सणसणीत राग तिला महिन्याभरात आला नव्हता, नुसती भीतीच वाटायची. आणि गंमत म्हणजे पोटातला गोळा त्या क्षणी सुटला.

ती उभी राहिली.

“सही करते साहेब. पण आधी तुम्ही एक दीर्घ श्वास घ्या. इथं, सगळ्यांसमोर, डोळे मिटून. तुमचा झाला की माझी सही.”

“वा, छान कल्पना!” पद्मजाबाईंनी टाळ्या वाजवल्या. “या सर, पुढे या.”

साहेब हसले. “एवढंच ना? त्यात काय मोठंसं!”

ते फलकासमोर जाऊन उभे राहिले. शर्ट नीट केला. दोन्ही हात मागे बांधले. मोरूनं खोकला दाबून धरला. एकही माणूस खिडकीकडे बघत नव्हता, सगळे साहेबांकडे बघत होते.

साहेबांनी छाती पुढे काढली. पापण्या मिटत आल्या, आणि मिटता मिटता त्यांची मान आपसूक खिडकीकडे वळली.

वैशालीनं पेनाला टोपण लावलं.