पांढरी पडलेली अंडी

"परत पांढरी!" काचेला लावलेलं नाक त्याने मागे घेतलं आणि कडू काही चावल्यासारखं तोंड केलं.

उपड्या ठेवलेल्या कुंडीच्या आत चिकटलेली साठ-सत्तर अंडी, दोन दिवसांपूर्वी छान लालसर होती ती, पांढरीफटक पडली होती. वर बुरशीची लव आली होती. बुटक्या सिक्लिड माशांच्या या टाकीतली ही तिसरी मादी. आधीच्या दोघींना त्याने संडासात टाकून वर पाणी सोडलं होतं.

नळी घालून त्याने तो बुळबुळीत लगदा ओढून घेतला. "शिसारी येते हिची. अंडी नासवते आणि वर स्वतःच खाते."

बायको नाक दाबून दारातच उभी होती. तिला या खोलीचा वास सहन होत नसे. फ्रिजमध्ये लोण्याला खेटून ठेवलेल्या, माशांना घालायच्या अळ्यांच्या डबीवरून दोघांचा रोज खटका उडे.

"नर बदलून बघा ना," ती म्हणाली.

"नराला काय धाड भरलीय? रंग बघ त्याचा!"

"रंगावर काय असतं?"

"तुला नाही कळायचं."

तो पाणीपुरवठ्यात तपासनीस होता. टाकीतल्या पाण्याचा आंबटपणा, क्षार, तापमान तो दर आठवड्याला मोजी आणि कागद निळ्या फाइलीत तारीखवार लावी. पाण्यात खोट नव्हती. म्हणजे मादीतच होती.

"काहींची कूसच उजवत नाही," आतून आई म्हणाली. मासळीबद्दल बोलत होती की सुनेबद्दल, हे विचारायची गरज नव्हती. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. सुनेच्या सुया, गोळ्या, तपासण्या, सगळं करून झालं होतं. त्याचीही एकदा तपासणी झाली होती. सगळं ठीक आहे, असं त्याने घरी येऊन सांगितलं होतं. आईच्या टोमण्यांवर तो चकार शब्द काढत नसे. बायको ऐकून घेई, आणि तिच्या त्या मुकाट ऐकून घेण्याचाही त्याला आताशा वीट आला होता.

दोन महिन्यांनी माशांचा दुकानदार टाकी बघायला आला. वाकला आणि हसलाच. "अहो, पोरं झाली की!"

वाळूवर पापणीच्या केसाएवढी पिल्लं वळवळत होती. पिवळीजर्द झालेली मादी त्यांच्याभोवती पहारा देत होती.

त्याची छाती फुगली. "माझा नर आहे! मी म्हणतच होतो."

दुकानदार खाकरला. "हा तुमचा नाही, साहेब. ताईंनी महिन्यापूर्वीच बदलून नेला. जुना मी दोन माद्यांबरोबर ठेवून बघितला. वांझ आहे तो."

तो बायकोकडे वळला. "मला न विचारता?"

"तुम्हाला फरकही कळला नाही," ती शांतपणे म्हणाली. तेवढ्यात दुकानदाराने सोबत आणलेली अळ्यांची डबी उघडली आणि ती तोंडावर हात दाबून मोरीकडे पळाली.

"किती ती नाटकं!" तो फणकारला.

"नाटकं कसली रे!" आई डोळे पुसत बाहेर आली. "आजी होणार मी! सकाळीच डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. तीच सांगणार होती तुला, पण माझ्याच पोटात राहिलं नाही."

दुकानदाराने त्याचा हात दोन्ही हातांत घेऊन गदागदा हलवला. "एकाच दिवशी दोन्ही टाक्या भरल्या म्हणायच्या! साहेब, पाण्याचे आकडे तेवढे द्या उतरवून. बाकीच्या गिऱ्हाइकांनाही सांगतो."

त्याने फळीवरची निळी फाइल काढली. मोरीतून चूळ भरल्याचा आवाज येत होता. त्याने फाइल उघडली. पाण्याच्या आकड्यांच्या थप्पीखाली त्याने दडवून ठेवलेला कागद आज सगळ्यात वर लावलेला होता: त्याचं नाव, आणि शुक्राणूंच्या रकान्यात शून्य.