बँडसॉचं कार्ड

फाट्कन आवाज झाला आणि बँडसॉची, म्हणजे विजेवर फिरणाऱ्या पट्टा-करवतीची, पट्टी चाकावरून उडाली. गावच्या सुतारकामाच्या शेडमधले अकरा म्हातारे चहाचे मग हातात तसेच धरून वळले. ग्वेनचे हात अजून फळीवरच होते. दहाच्या दहा बोटं शाबूत होती, पण ती मोजायची तसदी कुणी घेतली नाही.

“हात जड आहे बाई तुझा,” लाइल म्हणाला. तो शेडचा यंत्रप्रमुख. त्याने भिंतीवरच्या फळ्यावरून ग्वेनचं कार्ड काढलं आणि खिशात घातलं.

ज्याच्या कार्डावर लाइलची सही, त्यानेच बँडसॉला हात लावायचा, अशी तिथली शिस्त. ते कार्ड मिळवायला ग्वेनला दोन वर्षं लागली होती. तोवर दर मंगळवारी ती या मंडळींचा चहा करत होती. कार्ड गेलं म्हणजे पुन्हा किटली. शिवाय चर्चसाठी करायला घेतलेला, ह्युऑन पाइन या महागड्या लाकडाचा, बायबल ठेवायचा वाचनस्टँड अर्धाच कापून झाला होता आणि ईस्टर पाच आठवड्यांवर आला होता.

“हाताचं नाही रे, लाइल. चाकावरचा रबरी टायर सैल झालाय. तो सरकतो, म्हणून पट्टी उतरते. चाकावरून टायरवर खडूची एक रेघ ओढ, यंत्र चालव, आणि रेघ जागेवर राहते का बघ.”

“खडू?” लाइलने सगळ्यांकडे नजर फिरवली. “बसा रे पोरांनो, शाळा भरली!”

म्हातारे खिदळले. ग्वेनने ओठ घट्ट मिटले. ईस्टरपूर्वीचे चाळीस दिवस कुणाला उलटून बोलायचं नाही, असं तिचं व्रत होतं. लाइलसारखी माणसं जगात नसती, तर ते फारच सोपं गेलं असतं.

पुढच्या मंगळवारी पट्टी म्हाताऱ्यांपैकी नॉर्मच्या हातून उडाली. “पट्टीच भिकार,” लाइल म्हणाला. नवी पट्टी चढवली, तीही उडाली. मग विजेचा दाब कमी निघाला. मग शेडची फरशी तिरकी निघाली. नॉर्मचं कार्ड मात्र फळ्यावरून हललं नाही.

तिसऱ्या मंगळवारी लाइल खडू घेऊनच आला. “आंघोळ करताना सुचलं,” त्याने सांगितलं. रेघ ओढली, यंत्र चालवलं, थांबवलं. चाकावरची अर्धी रेघ होती तिथेच होती. टायरवरची अर्धी वीतभर पुढे गेली होती.

“टायर सैल आहे,” लाइलने जाहीर केलं.

“याला म्हणतात अनुभव,” नॉर्म म्हणाला. ग्वेनने त्याच्या चहात मुकाट्याने चार चमचे साखर घातली. त्याला एकच लागते.

लाइलने चाकाचं माप घेतलं आणि बरोबर तेवढेच टायर मागवले. “केसाचाही फरक नाही,” तो म्हणाला. ते चढलेही कसे, मोठ्या बाईची बांगडी लहान मुलीच्या हातात चढावी तसे. लाइलने बटण दाबलं. वरच्या चाकावरचा टायर सुटला, शेडभर धावला आणि लॅमिंग्टन केकच्या ताटात जाऊन विसावला.

“मालच खराब,” लाइल म्हणाला.

“टायर चाकापेक्षा लहान लागतो,” ग्वेन म्हणाली. “जर्दाळूच्या बरणीला रबरी कडं घालतो ना, तसा. ताणून बसला तरच धरून राहतो.”

तिचे जर्दाळू त्या सगळ्यांनी वर्षानुवर्षं खाल्ले होते. बरणी कुणीच भरली नव्हती.

लहान टायर आले. चौघे जण त्यांच्याशी झोंबले. नॉर्मचा चष्मा उडाला. शेवटी ग्वेनने प्लग काढला, चाकांवरच्या जुन्या गोंदाचे थर खरवडले आणि दोन्ही टायर चहाच्या उकळत्या पाण्यात सोडले.

“अगं, आमचा चहा!”

“आज नाही मिळायचा.”

दहा मिनिटांत रबर मऊ झालं. एका बाजूने शिकंजा लावून तिने टायर दाबून धरला आणि उरलेला ताणत ताणत चाकावर चढवला. मग दुसरा. पट्टी घातली. बँडसॉ शिवणयंत्रासारखा गुणगुणू लागला.

लाइलने घसा साफ केला. “छान. आता तुझ्या कार्डाचं म्हणशील तर, समिती विचार करेल.”

“समितीला विचार करता येणार नाही,” चिटणीस कॉलिन वहीतून मान वर न करता म्हणाला. “नियम सातवा. टायर बदलले की सगळ्यांची कार्डं रद्द. ज्याने दुरुस्ती केली, त्याने प्रत्येकाकडून एक फळी कापून घ्यायची आणि मग सही द्यायची. तुझाच नियम आहे, लाइल.”

दुरुस्ती आपल्याशिवाय दुसरं कोण करणार, या भरवशावर लाइलने तो लिहिला असणार.

“आधी लाइल! आधी लाइल!” नॉर्मने टाळ्या पिटल्या.

ग्वेनला फार बरं वाटलं. त्याबद्दल रविवारी देवाची क्षमा मागता येणारच होती. तिने एका फळीवर पेन्सिलीने वळणदार रेघ काढली. “नुसती टेबलावर टेकवून धर. मग बटण दाबते.”

लाइल हळूहळू पुढे आला. त्याने फळी दोन्ही हातांनी करवतीसमोर दाबून धरली.

यंत्र बंद होतं. तरी त्याच्या हातांखाली फळी टेबलावर खडखडत होती.

त्याने तिच्याकडे बघितलं नाही. मागे हसणाऱ्यांना त्याची फक्त पाठ दिसत होती. ग्वेन दोन पावलं सरकून त्याच्या आणि त्यांच्या मध्ये उभी राहिली आणि तिने आपला पंजा फळीवर ठेवला. खडखड थांबली.

“जा, पेन घेऊन बस,” ती त्याला एकट्यालाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली. “तपासायचं नि सह्यांचं काम तूच करत जा. पहिली माझ्या कार्डावर कर. तपासणाऱ्याला कापून दाखवावं लागत नाही.”