नळाचं वावडं

वार्ताहराने माइक पुढे केला तेव्हा टँकरचा पाइप नुकताच शिलाईवालीच्या पहिल्या कॅनमध्ये पडला होता. तिने मान वर केली नाही. नजर हलली की पाणी रस्त्यावर जातं, आणि रस्त्याला पाजण्याइतकं पाणी या गल्लीत कधी आलंच नव्हतं.

अर्ध्या तासापासून त्याचं हेच चाललं होतं. परवा देशाचं यान उडणार होतं आणि त्याला तहानलेली माणसं हवी होती. आधी त्याने एका म्हाताऱ्याला धरलं. यान कशाला, इथे घशाला कोरड पडलीय, एवढंच म्हणायचं होतं. म्हातारा दोनदा चुकला. तिसऱ्यांदा बरोबर बोलला, पण हसत हसत बोलला. वार्ताहर वैतागला. बुटांना चिखल लागू नये म्हणून तो एका दगडावर उभा होता, आणि तिथूनच तो जनतेचं दुःख निवडत होता.

शेजारी नगरसेवक उभा होता. सगळी गल्ली त्याला भाऊ म्हणायची. टँकर त्याच्या शब्दावर यायचा, त्याच्या शब्दावर निघून जायचा. आज तो पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आला होता आणि कॅमेरा वळला की कुणाच्या तरी भांड्याला हात लावत होता.

शिलाईवालीची बाही कोपरावर विरलेली होती आणि गालफडं बसली होती, म्हणून आता तिची निवड झाली. ती एकोणीस वर्षं अवकाश केंद्रात कामाला जाते, हे वार्ताहराला ठाऊक नव्हतं. यानाला ऊन-थंडी बाधू नये म्हणून त्याच्या अंगावर चकचकीत पातळ थरांचं पांघरूण असतं. ते बायका हाताने शिवतात. परवाच्या यानाची डावी बाजू तिने शिवली होती. एक टाका वाकडा गेला म्हणून तीन दिवसांचं काम स्वतःहून उसवलं होतं.

वार्ताहराने तिला वाक्य पढवलं. ताई, डोळ्यांत जरा पाणी आलं तर बरं, असंही सुचवलं.

“इथे कॅनमध्ये येईना, डोळ्यांत कुठून आणू?” ती म्हणाली. मग तिने पहिल्यांदा वर पाहिलं. “यानाचा पैसा यानाला लागला. माझ्या हातचे टाके आहेत त्यात. नळाचाही पैसा आला होता, पाइपही येऊन पडले होते या कोपऱ्यावर. ते उचलून ह्या भाऊंच्या मेव्हण्याच्या इमारतींना लागले. यानाचं नाव कशाला घेता? ह्यांना यानाचं वावडं नाही, नळाचं आहे. नळ आला तर ह्यांना भाऊ कोण म्हणेल?”

वार्ताहराने माइक खाली घेतला. तो चिडला नाही, त्याला नुसता कंटाळा आला. हे आपल्या विषयात बसत नाही, असं तो कॅमेरावाल्याला म्हणाला.

नगरसेवक मात्र मनापासून हसला. वहिनी बोलतात छान, म्हणाला. हसता हसताच त्याने टँकरवाल्याकडे पाहिलं. टँकरवाल्याने चावी फिरवून पाणी बंद केलं आणि पाइप गुंडाळायला घेतला. टाकी रिकामी झाली, असं त्याने जाहीर केलं, तेव्हा टाकीच्या आतून पाणी हिंदकळल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. रांगेत अजून अकरा घरं उभी होती.

त्या अकरांपैकी एकानेही नगरसेवकाकडे मान वळवली नाही. सगळे तिच्याकडे पाहत होते. मागच्या शेजारणीने तिचा दुसरा, रिकामा कॅन पायाने बाजूला सारला.

“तुझ्या जिभेपायी आम्ही कोरडे राहिलो,” ती म्हणाली. “तुझं बरं आहे बाई. तुझं यान आहे.”

वार्ताहराने केस सारखे केले, रांगेकडे पाठ केली आणि जनतेला यान नको, पाणी हवं आहे, असं कॅमेऱ्याला ठणकावून सांगितलं. टँकर गेला. त्याच्यामागे गाडीत बसून वार्ताहरही गेला.

शिलाईवालीने अर्धा भरलेला कॅन घरी नेला. सासूबाई वर्षभर अंथरुणाला खिळून होत्या. त्यांना पुसून काढायचं होतं, त्यांचे कपडे धुवायचे होते. एवढ्या पाण्यात दोन्ही भागणार नव्हतं. तिने कपडे तसेच कोपऱ्यात ठेवले, सासूबाईंना पुसलं आणि कामाची बस पकडली. बसमध्ये तिला रडू आलं नाही. त्या माणसांसाठी रडायचं म्हणजे त्यांना फारच मान दिल्यासारखं झालं असतं.

शिवणखोलीत शिरण्याआधी हात कोपरापर्यंत धुवावे लागतात. तिथला नळ हाताने बंद होत नाही. खाली हात धरले की तो सुरू होतो आणि ठरवून दिलेली दोन मिनिटं चालतो. धुळीचा कण आत जाता कामा नये, म्हणून ते पाणीसुद्धा पाचदा गाळलेलं असतं.

तिने हात धरले. पाणी जोरात आलं. हात कधीच स्वच्छ झाले, तरी ते येतच राहिलं, आणि बोटांवरून ओघळून खालच्या जाळीत नाहीसं होत राहिलं. दारावरची बाई आत डोकावली आणि झाले नाहीत का अजून हात, असं तिने विचारलं.

“हात झाले,” शिलाईवाली म्हणाली. “हे थांबायची वाट बघतेय.”