शेवटच्या माणसाच्या मागे

सकाळी सात वाजता जंगलातली शर्यत सुटली आणि तो जागचा हलला नाही.

सगळे पिवळे टी-शर्ट पहिल्या चढावर दिसेनासे होईपर्यंत तो कमानीखाली बुटाच्या नाड्या बांधत बसला. मग पाठीवरची रिकामी पिशवी सारखी करून चालत निघाला.

शर्यत भरवणाऱ्या मंडळातले लोक त्या कामाला शेपूट म्हणत. सगळ्यांत शेवटच्या माणसाच्या मागे राहायचं आणि वाट दाखवायला झाडांना बांधलेल्या केशरी फिती सोडवत यायचं. शेवटच्याला ओलांडायचं नाही. तो बसला तर आपणही बसायचं. शेपूट पुढे गेलं की मागची वाट बंद झाली, असं सगळे धरून चालत.

एरवी तो या शर्यतीत पहिल्या पाचांत असायचा. यंदा शेपूट व्हायला त्याने आपणहून हात वर केला, तो ताईसाठी.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ताईने एकच ध्यास घेतला होता. डोंगरापलीकडे काय आहे ते एकदा पळत जाऊन बघायचं. भावजींना ते पटत नव्हतं. "बाजारातून घरी येताना वाट चुकणारी बाई ही. जंगलातून काय परत येणार?"

"ती शेवटची आली तरी तिच्या मागे मी असेन," त्याने शब्द दिला, तेव्हा कुठे भावजी गप्प बसले.

सकाळी ताईने छातीवर नंबर लावला, तोही तिरका.

"फितींकडे बघत जा," त्याने बजावलं. "पक्ष्यांकडे नाही."

"बरं, शेपूटराव."

"आणि मी मागे दिसलो की समज, तू शेवटची."

"मग आज तू मला दिसणारच नाहीस," ताई म्हणाली आणि गर्दीत घुसली.

पहिला चढ संपला तरी ताई दिसली नाही. पुढच्या सपाटीवरही नाही. त्याला गंमत वाटू लागली. एकेक वळण रिकामं निघत होतं आणि प्रत्येक रिकामं वळण म्हणजे ताई आणखी पुढे. भावजींना काय काय ऐकवायचं, ते तो मनात जुळवू लागला.

पाण्याच्या टेबलावर मंडळातला न्हावी ग्लास गोळा करत होता.

"ताई?"

"केव्हाच गेली. हा कुठला पक्षी ओरडतोय, म्हणून मला विचारत होती. म्हटलं, ताई, मी केस कापतो."

"मागे कोण राहिलंय?"

"इथून सगळे गेले. आत्ताच त्या वळणावर एका बाईची पाठ दिसली बघ, पिवळा टी-शर्ट. रमतगमत चालल्यात. त्याच शेवटच्या. आवरू मी?"

"आवर."

वळणापुढे त्या दिसल्या. पांढऱ्या केसांची आखूड वेणी, चाल संथ, पण धाप म्हणून नाही. तो चार पावलं मागे राहून फिती सोडवू लागला.

"कोण आहे मागे?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

"मी शेपूट, मावशी. तुम्ही आपल्या चालीने चला."

"पुढे जा की बाबा. माझ्यापायी कशाला रखडतोस?"

"पुढे जायची मला परवानगी नाही."

"बरं झालं. घरी माझ्या मागे कोणी थांबत नाही."

मावशींचं त्याला कुतूहल वाटू लागलं. या वयात, एवढ्या चढणीवर, एकट्या. मध्येच थांबून झाडाच्या सालीवर हात ठेवायच्या, पुन्हा चालायला लागायच्या. घड्याळाकडे एकदाही बघितलं नव्हतं.

"थकला नाहीत?"

"थकायला मी पळतेय कुठे?"

तो हसला. "दरवर्षी येता?"

"दरवर्षी. तुम्ही फिती बांधता म्हणून. एरवी या जंगलात शिरायची माझी छाती नाही."

दोन वाटा फुटत होत्या तिथे त्या फीत बघून डावीकडच्या पायवाटेला लागल्या. उजवीकडची वाट रुंद, सरळ आणि सावलीची होती. ती थेट दरीत उतरायची. त्याने तिथल्या तिन्ही फिती सोडवून पिशवीत कोंबल्या.

"माझी ताई पहिल्यांदाच पळतेय," न राहवून तो म्हणाला. "अजून दिसली नाही मला."

"मग चांगलीच पळत असणार."

"तेच म्हणतोय मी."

झाडी विरळ झाली. शेवटची फीत सोडवून तो डांबरी रस्त्यावर आला. उजवीकडे कमान दिसत होती. मावशी मात्र डावीकडे वळून एका घराच्या फाटकाची कडी काढत होत्या.

"मावशी, कमान इकडे!"

"कमान?" त्या पहिल्यांदाच मागे वळल्या. टी-शर्ट धुऊन धुऊन विटलेला होता. छातीवर नंबर नव्हता. "मला कशाला कमान? पुतण्याचा मागच्या कुठल्याशा शर्यतीतला टी-शर्ट आहे हा. पलीकडच्या वस्तीवर माझी बहीण असते. काल तुमची माणसं फिती बांधून गेली तशी गेले, आज तुम्ही काढायच्या आत परत. ये, पाणी पिऊन जा."

तेवढ्यात जंगलभर मुका असलेला वॉकीटॉकी त्याच्या कमरेला खरखरला. कमानीवर वेळ घेणारे पीटीचे सर बोलत होते, आवाजात शर्यत पार पडल्याचा आनंद होता.

"शेपूट, किती लांब आहेस? बाकी सगळे आले. फक्त तुझी ताई राहिलीय. तुझ्या पुढेच आहे ना?"