पहिला घास

दिपिकाच्या पत्राला कमळूने उत्तर दिलंच नव्हतं. पत्र आता त्याच्या सदऱ्याच्या खिशात होतं आणि त्याला घेऊन नथूची होडी धरणाच्या पाण्यात बरीच आत आली होती. पाड्यातल्या सगळ्यांची पत्रं कमळूच लिहून द्यायचा. स्वतःच्या लेकीला मात्र त्याला एक ओळ लिहिता आली नव्हती.

तिने फार काही विचारलं नव्हतं. ‘बा, बेटावरच्या हॉटेलात शेखरदादा आपल्या रानातलंच जेवण वाढतो. मुंबईचे पाहुणे होडीने येतात. पौषातल्या पहिल्या रविवारी मला कडूकंद रांधायला सांगितलाय. रांधू का नको, ते लिही.’ आज तोच रविवार होता.

‘नको’ लिहावं, तर लेकीला मिळालेला मान बापानेच हिसकावल्यासारखं. ‘रांध’ लिहावं, तर एक जुनी आठवण आडवी यायची. कमळू लहान असताना एका वर्षी ओहोळ लवकर आटला. कडूकंद नीट धुतला गेला नाही. त्याची धाकटी बहीण ठकी तो खाऊन झोपली, ती उठलीच नाही. तेव्हापासून कमळूने कडूकंदाला घराचा उंबरा ओलांडू दिला नव्हता. त्याची बायको सावळी जिवंत होती तोवर तिनेही कधी त्याचं नाव काढलं नाही. कणगीतला भात सरला की ती करांदे, म्हणजे रानातले बिनविषारी कंद, उकडायची. उकडले की नवऱ्याच्या, पोरीच्या आधी स्वतः खायला बसायची. पाड्यातल्या बायका तिला हावरी म्हणायच्या. सावळी नुसती हसायची.

“येवढा घाम कशाला, कमळूदादा? माझी होडी नाय बुडत,” नथू म्हणाला.

“नथू, हे पाणी वाहतं का रे?”

“धरणाचं पाणी कुठं वाहतंय? म्हशीसारखं बसून असतं.”

कंदाला वाहतं पाणी लागतं. तेव्हाच त्याच्यातलं विष निघून जातं.

बेट म्हणजे बुडालेल्या टेकडीचा उरलेला माथा. कमळू धापा टाकत वर पोचला, तेव्हा मांडवात वाढून झालं होतं. मोठमोठ्या पांढऱ्या थाळ्या, आणि त्यात जेवण चिमूटभर. नाचणीची पुरीएवढी भाकर, आंबाडीची चटणी, आणि मधोमध कंदाच्या पातळ चकत्या, फुलासारख्या मांडलेल्या.

“हा कंद नीट धुतला नाही तर विष असतो,” शेखर पाहुण्यांना कौतुकाने सांगत होता. पाहुणे हसले. एका बाईंनी चकतीला काटा टोचला.

जन्मात कधी चारचौघांत तोंड न उघडलेला कमळू सरळ पुढे झाला, आणि बाईंच्या थाळीतली चकती उचलून त्याने तोंडात टाकली.

“अहो, हे काय!” बाई किंचाळल्या.

“कोनी खाऊ नका!” तो ओरडला. “आमच्यात पयला घास घरच्याचा. मला काय झालं नाय, तर मंग खा.”

काटे खाली आले. कमळू डोळे मिटून चावत राहिला. आता जीभ जड होणार. आता गरगरणार. ठकीचा चेहरा त्याच्या डोळ्यांपुढे आला.

पण जीभ जड झाली नाही. तिला ही चव ओळखीची वाटली. मऊ, भुरभुरीत, शेवटी किंचित कडवट. हा तर करांदा. सावळीच्या हातचा.

दिपिका चुलीकडून धावत आली. “बा, घाबरू नको. मी कालच खाल्लाय. रातभर वाट बघितली. ही बघ, उभी हाय तुझ्यासमोर.”

“पन धुतलास कुठं? हे पाणी तर बसलेलं.”

“पल्याडच्या ओहोळात. राख लावून, दोन राती टोपली बांधून ठेवली. आईवानी.”

“तुझ्या आईनं कडूकंद कधी रांधला?”

दिपिका घुटमळली. मग हळूच म्हणाली, “दर चैतात रांधायची, करांदा सांगून. आपल्याकडं येवढं करांदं होतं कुठं, बा? आधी ती खायची. मंग उन्हं चढेपर्यंत दारात बसून राहायची. मंगच आपल्याला वाढायची.”

पाहुणे अजून कमळूकडेच बघत होते.

“खाऊ का आम्ही?” बाईंनी विचारलं.

“खा,” तो म्हणाला. शेखरने खुर्ची दिली. कमळूने थाळी बोटांनी निपटून खाल्ली.

परतताना नथूने होडी काठाला लावली. तिथल्या ओहोळात दगडावर एक टोपली पालथी घातलेली होती. सकाळीही ती तिथेच होती. भीतीपोटी कमळूला दिसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी डोळखांबच्या टपालपेटीत त्याने कार्ड टाकलं. ‘दिपे, रांध. पण आईवानी आधी खायचं काम तुझं नाय. त्ये माझं. पुढच्या वेळी मला कळव, मी आदल्या दिवशी येतो.’