जैसे थे

"पट्टी सहा, बाई. जैसे थे," पुलावरून माळी फोनवर म्हणाला. बाईंनी वहीत दोनच्या रकान्यात 'सहा मीटर, जैसे थे' लिहिलं. बारापासून तिसऱ्यांदा सहाच.

माळी नगरपालिकेच्या बागेतला, पावसाळ्यापुरता पुलावर बसवलेला. तासातासाला पुलाच्या खांबावरची पट्टी बघायची आणि पाणी किती आहे ते पूर नियंत्रण कक्षातल्या बाईंना कळवायचं, एवढंच काम. कक्ष म्हणजे जिन्याखालची खोली. दोन फोन, एक वही, एक गळकी खिडकी आणि काचेच्या पेटीत भोंग्याचं लाल बटण. नदी साडेसहाला टेकली की बाईंनी ते दाबायचं.

गेल्या वर्षापर्यंत भोंगा साडेपाचलाच वाजायचा. पण तेव्हाच्या माणसानं पुलावरच्या चौकीतून बाहेर न येताच "असेल साडेपाच" म्हणून ठोकून दिलं. भोंगा वाजला, नदीकाठची आळी सामानसुमानासकट टेकडीवर पळाली, आणि नदी साडेचारच्या पुढे सरकली नाही. लोकांनी नगरपालिकेच्या साहेबांना जाम फैलावर घेतलं. मग साहेबांनी मर्यादा साडेसहा केली, पट्टीला नवा रंग दिला आणि विषय संपवला.

बाईंचा विषय संपला नव्हता. त्याच धावपळीत त्यांच्या आईला खुर्चीत बसवून टेकडीच्या पायऱ्या चढवताना खुर्ची निसटली. खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून आई खाटेवर आणि धाकटी बहीण तिच्या उशाशी. भोंगा वाजवणारा हात आपला होता, हे बाईंच्या मनातून जात नव्हतं. त्यांनी स्वतः सूचना लिहून पुलावरच्या चौकीत चिकटवली होती: पट्टीवर दिसेल तेवढंच सांगावं. अंदाज सांगू नये.

सव्वादोनला धाकटीचा फोन आला.

"ताई, गल्लीत पाणी आलंय गं. आईला हलवू का?"

"गटार तुंबलं असेल. नदी दोन तास सहावर आहे, जागची हललेली नाही."

"शेजारचे निघालेत. दोघं जण आईला उचलतो म्हणतायत. पण आत्ताच, नंतर नाही जमणार म्हणे."

मागून आईचा बारीक आवाज आला, "मोठीला विचार. तिला सगळं आधी कळतं."

बाईंनी वहीतला आकडा पुन्हा पाहिला. "नको हलवूस. आता पडली तर परत उठायची नाही, डॉक्टर काय म्हणाले ते आठवतंय ना? आणि भोंगा माझ्याच हातात आहे. तो वाजत नाही तोवर घाबरायचं कारण नाही."

"बरं बाई. मग पाठवून देते शेजाऱ्यांना," धाकटी म्हणाली. तिचा आवाज जरा सैल झाला होता.

तीनला माळ्याचा फोन. "पट्टी सहा, जैसे थे. बाई, अंदाजानं एक सांगू का?"

"मुळीच नको! सूचना वाचलीत ना? पट्टी काय म्हणते?"

"पट्टी सहाच म्हणते."

"मग झालं तर."

साहेब दारातून डोकावले. वहीवरून नजर फिरवून खूश झाले. "माळी सरळ माणूस निघाला हो! नाहीतर आज परत आपली शोभा झाली असती."

बाई कसंनुसं हसल्या. साहेब चहाला गेले.

साडेतीनला बाईंनी धाकटीला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, मग बंदच लागला. त्या खिडकीशी गेल्या. टेकडीच्या रस्त्यावर माणसं चालली होती, छातीपर्यंत चिखलानं माखलेली. त्यांत खाट नव्हती, धाकटी नव्हती.

पुलावर फोन लावताना बाईंचा नंबर दोनदा चुकला.

"माळीदादा, नदी सहावरच आहे ना?"

"पट्टी सहाच म्हणते, बाई."

"पट्टीचं राहू द्या हो! बाहेर जा, डोळ्यांनी बघा. पाणी सहाच्या किती वर आहे ते सांगा."

"ते अंदाजानंच सांगावं लागेल, बाई," माळी म्हणाला. "पट्टी सहालाच संपते. बारा वाजल्यापासून ती दिसतच नाहीये."