पूर्ण नाव सांगा

सिंधूबाई मेंढरं विकून नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले पैसे काढायला औंढ्याच्या बँकेत आली, तर तिचं खातंच बंद झालेलं.

"मावशी, तीनदा फोन केला तुम्हाला," काचेमागचा साहेब म्हणाला. "खातं तुमचंच आहे का ते तपासायला नवऱ्याचं पूर्ण नाव विचारलं. दर वेळी तुम्ही 'रागिणीचे बाप' एवढंच म्हणालात. मग संशयित म्हणून वरूनच बंद केलं."

"आमच्यात मालकाचं नाव घेत न्हाईत, साहेब. घेतलं की त्यायचं आयुष्य घटतंय."

"आता तरी सांगा. बघतो काही होतंय का."

मालक हिंगोलीच्या दवाखान्यात सलाईन लावून पडले होते आणि पैसे भरल्याशिवाय डॉक्टर ऑपरेशनला घेणार नव्हते. तिनं पदर तोंडावर ओढला, डोळे गच्च मिटले आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच ते नाव उच्चारलं.

"ज्ञानबा."

साहेबानं ते टाईप केलं, जरा वेळ स्क्रीनकडं पाहिलं आणि मान हलवली. "नाही मावशी, सिस्टीम घेतच नाही आता. वर अर्ज करावा लागेल. महिना तरी जाईल."

मागची माणसं पुढं रेटायला लागली, तरी ती हलली नाही. काचेला हात टेकून हळूच बोलली,

 

"मंग साहेब, तेवढं नाव तरी मला वापस द्या."